खणाखणाने उभे राहणारे समाजघर : किल्लारीचा धडा आणि आपली वसाहत



आपल्या संस्थेच्या बैठकांत गेली काही वर्षे एक विषय सतत निघतो आहे, तो म्हणजे स्वतःच्या सभागृहाचा. विषय निघाला की ‘आरसीसी बांधायचे की पत्र्याचे शेड टाकायचे’ एवढ्यावरच चर्चा होते आणि वर्गणीच्या आकड्यापाशी येऊन थांबते. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर. बांधकामशास्त्राचे शिक्षण आम्हाला नाही. परंतु सभागृह कशासाठी हवे, याचा विचार इंजिनिअरने नव्हे, तर आपण सभासदांनीच करावयाचा असतो. त्या विचाराला मदत व्हावी, म्हणून हा छोटासा अभ्यास स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एक बंद दार

सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या उरलेल्या जोराने मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, हे सर्वांना आठवत असेल. त्याच पावसाळ्यातील एका रात्री आमच्या ओळखीच्या एका वस्तीत पत्र्याच्या खोल्यांमध्ये गुडघाभर पाणी शिरले. बायामाणसे, लेकरे आणि दोन म्हातारी माणसे जवळच्या एका सभागृहापाशी आली. सभागृह पक्के होते, उंचावर होते. पण दाराला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे होती, ते गृहस्थ लग्नकार्यासाठी परगावी गेले होते. शिवाय आत मांडववाल्याच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. म्हणजे दार उघडले असते, तरी टेकायला जागा नव्हती. आम्ही स्वतः त्या रात्री कुलूप फोडावे की नाही, याची चर्चा करीत पावसात उभे होतो. शेवटी सगळी मंडळी एका दुकानाच्या फळीखाली बसून राहिली.

याच्याही आधीची गोष्ट सगळ्या देशाला ठाऊक आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेमार्गावर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ते मध्य प्रदेशचे होते, जालन्याच्या पोलाद उद्योगात राबत होते, आणि टाळेबंदीत भुसावळची गाडी गाठण्यासाठी जालन्याहून पायी निघाले होते. एखादे सभागृह उघडे असते तर ते वाचले असते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांना घरी जायचे होते. पण आपल्या औद्योगिक वसाहतीत बाहेरून आलेल्या माणसाला संकटात हक्काने टेकता येईल, अशी जागा कोणती, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आपल्यापाशी नव्हते. ते आजही नाही.

म्हणून सभागृहाचा पहिला प्रश्न सिमेंटचा नाही. समारंभाच्या दिवशी सभा भरेल आणि संकटाच्या रात्री माणसे झोपतील, अशी एकच वास्तू कशी करावी, हा आहे.

किल्लारीने काय शिकविले

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनानंतरची पहाट. चार वाजायला काही मिनिटे असताना लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. तीव्रता ६.२ होती. सुमारे आठ हजार माणसे दगावली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वर्गावर्गातून जुने कपडे आणि घराघरातून भाकरी गोळा करून ट्रक भरल्याचे आम्हाला आजही आठवते.

जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ झाले आहेत. मग येथे इतकी माणसे का गेली? याचे मुख्य कारण घरांच्या बांधणीत आहे, आणि ती बांधणी आपल्या मराठवाड्याच्या ओळखीची आहे. घराच्या भिंती दोन फुटांपासून चार-पाच फुटांपर्यंत जाड, ओबडधोबड दगडांच्या, चिखलात रचलेल्या. बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा, मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. वर माळवद. म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. दरवर्षी गळती थांबवायची म्हणून आणखी माती चढवायची.

या मातीचे वजन किती होते, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. मातीचे वजन घनमीटरला १६०० किलो आणि थर दीड फूट धरला, तर दहा फूट बाय दहा फूट जागेवर सुमारे पावणेसात टन भार होतो. तेवढ्याच जागेवर पत्रा टाकला, तर पन्नास किलोच्या आसपास. भूकंपाचा धक्का वास्तूला तिच्या वजनाच्या प्रमाणात बसतो, हे लक्षात घेतले म्हणजे झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर काय होते ते कळते.

आता यातील महत्त्वाची गोष्ट. पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी एक दृश्य नोंदविले आहे. आमचे एक नातेवाईक तेव्हा औसा तालुक्यात शिक्षक होते. त्यांनीही तेच पाहिले होते. कित्येक घरांच्या दगडी भिंती बाहेर कोसळून ढीग झाले होते. परंतु आतले लाकडी खांब, त्यावरच्या तुळया आणि वरचे माळवद उभेच्या उभे होते. भिंत पडली, सांगाडा राहिला. कारण त्या घरांत छताचा भार भिंतीवर नव्हता, खांबांवर होता. लाकूड वजनाने हलके असते, थोडे वाकते, कुसवात बसविलेला जोड थोडा सरकतो, आणि धक्का सोसून पुन्हा जागी येतो.

याचा अर्थ जुनी घरे चांगली होती असा मुळीच नाही. भिंतींखालीच माणसे गेली. ज्या सांगाड्यांना तिरपे आधार नव्हते, ते कलंडलेही. म्हणून दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात तंत्रज्ञांनी काय सांगितले ते पाहण्यासारखे आहे. छतावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, भिंतीभोवती पट्टा बांधा आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे लाकडी टेकू ठोका. म्हणजे जुन्यातले जे तगले ते ठेवा आणि ज्याने मारले ते काढा. आमच्या मते किल्लारीचा धडा एवढाच आहे. परंतु भूकंपानंतर लोकांच्या मनात दगडाबरोबर लाकडाविषयीही भीती बसली, आणि ‘पक्के’ म्हणजे फक्त सिमेंट, अशी समजूत दृढ झाली.

आपल्याला याची काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. १९९३ साली किल्लारीचा परिसर देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ साली तो पट्टाच नकाशातून रद्द करण्यात आला. आणि २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. निष्काळजी राहण्याइतके आपण दूर नाही.

इतर ठिकाणचे दाखले

८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपात ‘धज्जी’ पद्धतीच्या भिंतींनी चांगला निभाव धरला. लाकडी चौकटीचे लहान लहान कप्पे करायचे आणि ते दगड-मातीने भरायचे, अशी ती जुनी रीत. पुढे सीमेपलीकडच्या पुनर्वसनात सरकारनेही तिला मान्यता दिली. जपानमधील नारा येथील होर्यूजी विहाराच्या लाकडी वास्तू सुमारे तेराशे वर्षे भूकंपाच्या देशात उभ्या आहेत. कारण त्या वेळोवेळी उतरवून, कुजलेला भाग बदलून पुन्हा जोडता येतात.

आणि घरचा दाखला विसरू नये. कार्ले आणि भाजे येथील चैत्यगृहांच्या छताला आजही प्राचीन लाकडी फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांच्या. दगडात कोरलेल्या छताला लाकडाची गरज नव्हती. पण लेणी कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्या काळची सुताराने बांधलेली सभागृहे होती, त्यांचीच ती नक्कल आहे. ती मूळ सभागृहे उन्हापावसात गेली. डोंगराच्या पोटातील लाकूड कोरडे राहिले म्हणून टिकले. लाकूड वयाने मरत नाही, पाण्याने मरते. हे एकच वाक्य विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवले, तरी या पाठाचे निम्मे काम झाले.

मज्झिम निकायातील सेख सुत्तात कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे सन्थागार, म्हणजे गणाचे सभागृह, बांधल्याची हकिकत आहे. ते प्रथम भगवंतांनी वापरावे अशी विनंती शाक्य करतात. त्यासाठी ते जमिनीवर बैठक अंथरतात, आसने मांडतात, पाण्याचा रांजण ठेवतात आणि तेलाचा दिवा लावतात. भगवंत मधल्या खांबाशी पूर्वाभिमुख बसतात, भिक्खू पश्चिमेच्या भिंतीशी आणि शाक्य पूर्वेच्या भिंतीशी बसतात. आम्हाला या प्रसंगातील तयारीची यादी फार मोलाची वाटते. अंथरूण, बसायची जागा, पाणी आणि उजेड. आपत्तीच्या रात्री निवाऱ्याला नेमके हेच लागते. त्या चार गोष्टी ज्या सभागृहात कायम तयार आहेत, ते सभागृह निम्मे मदतकेंद्र झालेच.

खणाचे गणित

आपल्याकडे जुने लोक घराचे मोठेपण फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घर वाढले की खण वाढवायचे. वाटणी झाली की खण वाटायचे. जुळवून घेणारी वास्तू म्हणतात ती हीच, आणि ही कल्पना आपल्या आजोबांना परकी नव्हती.

उदाहरणासाठी दहा बाय दहा फुटांचा खण धरू. रुंदीला दोन आणि लांबीला चार, असे आठ खण, म्हणजे वीस बाय चाळीस फुटांचे सभागृह. क्षेत्रफळ ८०० चौरस फूट. दर दहा फुटांवर एक अशा पाच लाकडी कैच्या टाकल्या, तर मधले खांब लागत नाहीत. दोन्ही बाजूंना पाच-पाच खांब. मांडी घालून बसायला माणशी साडेसहा चौरस फूट धरले, तर सव्वाशेच्या आसपास माणसे बसतात. आपल्या नेहमीच्या कार्यक्रमाला एवढे पुरेसे आहे.

परंतु झोपायचे म्हटले तर? आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांनी १९९७ पासून ‘स्फिअर’ नावाचे किमान निकष तयार केले आहेत. त्यानुसार निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा हवी. ८०० चौरस फूट म्हणजे ७४ चौरस मीटर. यात फक्त २१ माणसे बसतात! सव्वाशे माणसांचे सभागृह संकटाच्या रात्री २१ माणसांचे होते. हा आकडा आम्ही तीनदा तपासून पाहिला. आपल्यापैकी बहुतेकांना तो धक्का देईल, कारण ‘हॉल आहे ना, शंभर माणसे सहज राहतील’ असे आपण धरून चालतो.

यावर उपाय ओसरीचा. दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटांच्या ओसऱ्या काढल्या, तर ६४० चौरस फूट वाढतात आणि एकूण ३८ माणसांची सोय होते. पाच माणसांच्या कुटुंबाला साडेसतरा चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन खण. मधल्या आठ खणांत चार कुटुंबे, ओसऱ्यांत तीन. खांबांना कायमचे हुक बसवून ठेवले, म्हणजे तट्टे किंवा जाड पडदे अडकवून दहा मिनिटांत खणांच्या खोल्या होतात. आडोसा ही चैनीची गोष्ट नव्हे. बाळंतीण, आजारी माणूस आणि तरुण मुली यांच्यासाठी ती पहिली गरज आहे.

पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर. ३८ माणसांना ५७० लिटर, तीन दिवसांचे १७१० लिटर. म्हणजे दोन हजार लिटरची टाकी कायम भरलेली हवी. २०१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या जालनेकरांना हे वेगळे सांगायला नको. शौचालय वीस माणसांमागे एक, म्हणजे किमान दोन. स्त्रियांचे वेगळे आणि आतून कडी लागणारे.

बांधणी कशी असावी

ही ढोबळ तत्त्वे आहेत. प्रत्यक्ष मापे लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकानुसार जाणकार इंजिनिअरकडूनच काढून घ्यावीत.

पहिले, जोते. आजवर पाणी जेथपर्यंत चढले, त्याच्या वर किमान दोन फूट. खांब जमिनीत गाडू नये. आपल्या वाड्यांत खांबाखाली दगडी उथळे असते, ते उगीच नव्हे. त्यामुळे ओल आणि उधळी वर चढत नाही. आज उथळ्यावर लोखंडी बूट बसवून त्यात खांब बोल्टने आवळता येतो.

दुसरे, जोड. येथे आपल्या वसाहतीचा फायदा आहे. जालना हे भंगार वितळवून सळई करणारे गाव. जाड पट्ट्या, प्लेटा, बोल्ट आणि ते कापून-भोके पाडून देणारे कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत. लाकूड सुताराचे, जोड लोहाराचा, अशी ही वास्तू असावी. बोल्टचा जोड उघडता येतो. खराब झालेला खांब बदलता येतो, ओसरी वाढविता येते आणि उद्या जागा बदलावी लागली, तर सांगाडा उतरवून नेता येतो. भाड्याच्या किंवा भाडेपट्ट्याच्या जागेत असणाऱ्या संस्थांनी या मुद्द्याचा विशेष विचार करावा.

तिसरे, तिरपे आधार. किल्लारीच्या सांगाड्यांत जे नव्हते, ते येथे चारही कोपऱ्यांत हवेच.

चौथे, छप्पर. भूकंपाला हलके छप्पर हवे, वादळाला घट्ट बांधलेले हवे. पत्रा हलका; पण वळवाच्या वाऱ्यात उडतो आणि मे महिन्यात भट्टी करतो. म्हणून प्रत्येक कैची खांबाला पट्टीने बांधावी, पत्र्याखाली फळ्यांचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा थर द्यावा आणि मध्ये हवा खेळती ठेवावी. किल्लारीनंतर तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये लोकांनी जे उन्हाळे काढले, ते आपल्या समाजघरात कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. पागोळ्या भिंतीवर पडणार नाहीत, अशी छपराची वळचण तीन फूट पुढे काढावी.

पाचवे, भिंत. तीन फुटांपर्यंत विटांची, खांबांना बांधलेली. त्यावर उचलून टेकू देता येतील असे तट्टे. सभेच्या दिवशी ते वर उचलले की सावली वाढते. पावसात खाली सोडले की खोली होते.

लाकूड कोणते? साग उत्तम, पण महाग. जुने वाडे उतरतात तेथे सागाचे खांब-तुळया मिळतात. टोकून, टोकदार खिळा घुसवून, उधळीची भोके पाहून घ्यावेत. बाभूळ घट्ट असते, परंतु लांब सरळ मिळत नाही. बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवल्याशिवाय वापरू नये, नाहीतर भुंगा वर्षभरात पीठ पाडतो. वनाबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर कायद्याने ‘वृक्ष’ राहिलेला नाही. त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू हा शेतकऱ्याच्या उत्पन्नाचाही मार्ग आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आगीचा, आणि तो खरा आहे. बारीक लाकूड भराभर पेटते. जाड तुळई मात्र वरून कोळसा होत हळूहळू जळते, त्यामुळे माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. तरीही स्वयंपाक सभागृहात कधीही करू नये, त्यासाठी वेगळे शेड हवे. वायरिंग पाइपातूनच असावे, बाहेर उघडणारी दोन दारे असावीत. एमआयडीसीच्या हद्दीत बांधकामाची परवानगी महामंडळाकडून घ्यावी लागते. अग्निसुरक्षेच्या अटी कटकट न मानता आधी वाचाव्यात.

दुसरा आक्षेप असा की, लाकडी वास्तूची देखभाल करावी लागते. हे खरे आहे. पण सिमेंटचीही करावी लागते, आपण करीत नाही एवढेच. गळके स्लॅब आणि सळया उघड्या पडलेले बीम आपण रोज पाहतो. लाकडी घर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक दिवस मागते. उथळे साफ करणे, बोल्ट आवळणे, उधळीच्या माग शोधणे. ते काम तरुण मंडळींनी श्रमदानाने करावे.

रोजचा वापर हीच खरी तयारी

१९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशाने किनाऱ्यावर बांधलेले अनेक निवारे काँक्रीटचे आहेत, लाकडाचे नाहीत. पण त्यातील एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. अनेक ठिकाणी एरवी तेथे शाळा भरते. रोज मुले येतात म्हणून दार उघडे असते, नळाला पाणी असते, आणि वादळाच्या दिवशी गावाला वाट माहीत असते.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर सभागृह हे मुदत ठेव नसून चालू खाते आहे. व्यवहार होत नसलेले खाते निष्क्रिय होते आणि ऐन गरजेच्या वेळी आधी कागदपत्रे मागते. तसेच बंद सभागृहाचे. सकाळी अभ्यासिका, दुपारी शिलाईवर्ग किंवा लसीकरण, रात्री कामगारांचा साक्षरता वर्ग, वर्षावासात ग्रंथवाचन, कधी लग्न, कधी शोकसभा. अशी वास्तू संकटाच्या रात्री कोणाला शोधावी लागत नाही.

पैशांचाही मार्ग खणांतच आहे. आठही खण एकदम बांधायला कर्ज काढण्यापेक्षा आधी जोते आणि चार खण उभे करावेत, पुढच्या दोन वर्षांत उरलेले, नंतर ओसऱ्या. प्रत्येक टप्प्यावर वास्तू वापरात असेल. अर्धवट पडलेल्या स्लॅबला मात्र कोणी वापरू शकत नाही, हे आपण भोवताली पाहतोच.

आणि शेवटचे, किल्लीचे. आम्ही असा ठराव सुचवितो की, सभागृहाच्या तीन किल्ल्या तीन घरांत असाव्यात, त्यांपैकी किमान एक महिला सभासदाच्या घरी. आणि ती घरे कोणती, हे दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. आपत्तीत दार कोणासाठी उघडायचे, हा प्रश्न कोणी विचारूच नये. जो भिजला आहे त्याच्यासाठी. तो सभासद आहे की नाही, कोणत्या राज्याचा आहे, हे दुसऱ्या दिवशीही विचारण्याची गरज नाही.

इमारत केव्हा होईल ते होवो. हा ठराव मात्र येत्या सर्वसाधारण सभेत करता येईल, आणि त्याला वर्गणी लागत नाही.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. आपल्या आजोळच्या किंवा गावाकडच्या जुन्या घराचे खण मोजा. भार भिंतीवर आहे की खांबांवर, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

२. आपल्या वस्तीतील शाळा, सभागृह किंवा विहार यांपैकी एका जागेचे मोजमाप घ्या. तेथे किती माणसे बसतील आणि किती झोपू शकतील, हे वरील पद्धतीने काढा.

३. त्या जागेची किल्ली रात्री दोन वाजता कोणाकडे मिळेल, हे शोधून काढा. उत्तर मिळाले नाही, तर तेच उत्तर म्हणून लिहा आणि आपल्या संस्थेच्या सचिवांना दाखवा.